ब्रेमेनचं घड्याळ

ऑफिसात दोन घड्याळं. एक सोलापूरचं,
ते कुणी बघत नाही, पाळीचा भोंगा ऐकू येतो.
दुसरं ब्रेमेनचं. खाली स्केचपेननं लिहिलेलं नाव
माझ्याच अक्षरात, एक मात्रा मागाहून घातलेली.

मार्चचा शेवटचा रविवार गेला की सोमवारी
मी स्टुलावर चढते,
काचेवरची कापसाची धूळ ओढणीनं पुसते
आणि तिकडचा काटा एक तास पुढं सारते.
ऑक्टोबरात परत मागं.
अकरा वर्षं हे काम माझं. पगारपत्रकात त्याला नाव नाही.

थंडीत उटेबाईंचा फोन दीडला येतो,
तोवर माझा डबा धुऊन झालेला असतो.
उन्हाळ्यात येतो साडेबाराला,
नेमका कडक भाकरीचा पहिला तुकडा मोडताना.
एकदा तिनं विचारलंच,
"लाइन खराब आहे का? काहीतरी तुटल्यासारखं ऐकू आलं."
म्हटलं, नाही, जेवतेय.
मग दोघी हसत बसलो,
आणि दोन हजार टॉवेलांची किनार कुठल्या निळ्याची
ते ठरायचं राहूनच गेलं.

तीच सांगत होती, तिकडं वाद चाललाय कधीचा,
हे काटे फिरवणं ठेवायचं की मोडीत काढायचं.
बंद तर बंद, पण मग कायमचं कोणतं,
उन्हाळ्याचं की थंडीचं, इथं येऊन गाडी अडते.
तिच्या आईच्या गोळ्यांची वेळ दरवेळी आठवडाभर चुकते.
पण जूनमध्ये रात्री दहापर्यंत
गॅलरीत बसून वाचता येतं,
ते तिला सोडवत नाही.

रात्री दहापर्यंत उजेड!
मी बाहेर बघितलं. अक्कलकोट रोडवर
एप्रिलचे साडेबारा.
उभ्या टेम्पोच्या सावलीबरोबर एक कुत्रं सरकत होतं.
आम्ही उजेड वाचवत नाही, बाई.
आम्ही त्याच्या तोंडावर दार लावतो,
खिडकीला जुनी चादर भिजवून टांगतो,
ती तासात वाळते, परत भिजवतो.
ऊन तापलं की माझ्या पोराची शाळा सातला भरते,
भाजीवाली अकराच्या आत पाटी आवरते,
घड्याळाला कुणी हात लावत नाही.
माणसंच सरकतात.

नरसय्या दुडम, रात्रपाळीचा जॉबर,
पाळी सुटल्यावर चहाला थांबला होता.
त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तंबाखू मळता मळता म्हणाला,
"मार्चमध्ये काढून घेतलेला तास
ऑक्टोबरपर्यंत ते ठेवतात कुठं?
आणि रात्रपाळीत परत दिला,
तर मजुरी नऊ तासांची, की आठाचीच? विचारा की."
विचारलं. उटेबाई जरा थांबली.
म्हणाली, चौकशी करून कळवते.
पुढच्या मेलमध्ये नुसता किनारीचा निळा होता.

नरसय्याची बालामणी दारात बसून विड्या वळते.
तिला सांगायला गेले, तिनं मान वर केली नाही.
तिच्या सुपात तास नसतो, हजार असतो.
हजार भरले की संध्याकाळ.

मग माझं मत काय? कुणी विचारलेलं नाही,
सोलापूरला कोण विचारतं. तरी सांगते,
बंद करा.
म्हाताऱ्यांच्या गोळ्या ठरल्या वेळेला पडू द्या,
माझी भाकरी बारमाही एकाच वेळेला मोडू द्या.
कायमचं कोणतं, ते तुमचं तुम्ही बघा.
उटेबाईची गॅलरी तेवढी सांभाळा जमलं तर.

असं मनाशी पक्कं करून ऑक्टोबरात स्टुलावर चढले.
घड्याळ उतरवलं,
आणि मागं भिंतीवर तो गोल दिसला,
ताटाएवढा, पिस्ता रंगाचा,
कारखाना नवा होता तेव्हाचा.
बाकी सगळी भिंत कधीच पिवळी पडलीय.
तेवढ्या जागेला
अकरा वर्षांत एकही उन्हाळा लागलेला नाही.
वर्षातून दोनदा दिसतो हा रंग,
मला एकटीला.

काटा मागं घेतला.
घड्याळ हातात धरून तशीच उभी राहिले,
पाच मिनिटं असतील, दहा असतील.
खालून नरसय्या, डोळे तांबारलेले, केसांत कापूस,
"काय बाई, सापडला का मार्चचा?"

मी खिळा चाचपला
आणि घड्याळ परत लावून टाकलं.